एकसष्टच्या ओळीतला ओंगदादा

ओंगदादाबद्दल लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. तो स्वतः तर म्हणाला, "लिहू नकोस बाबा. लोक मला संत समजायला लागतील आणि मग मला कुणाला शिव्या घालता येणार नाहीत." पण बँकॉकच्या ईशान्येला असलेल्या महासारखामच्या कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी ज्यांनी ज्यांनी चार वर्षं काढली, त्यांचे शर्ट या माणसाने धुतले आहेत. त्यातल्या कितीकांचे जीवही त्याने वाचवलेत आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. कपडे न्यायला येतात, "दादा, डाग तसाच राहिला" म्हणून कटकट करतात आणि जातात. माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणून लिहितोय.

ओंग म्हणजे पाण्याचा रांजण. जन्मला तेव्हा एवढा गोलमटोल होता की सुईणीच्या तोंडून तेच निघालं आणि तेच नाव पडलं. आता मात्र तो नुसती काडी आहे, आणि त्या काडीला दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहायची ताकद कुठून येते ते त्यालाच ठाऊक. दुकान एका गाळ्याचं. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे तीन यंत्रं, आणि दोरीवर पांढऱ्या शर्टांची रांग. शेजारी सुतिनचं टायरचं दुकान. सुतिन आणि ओंगदादा बारा वर्षं एकत्र राहतात. दोघांचं भांडण फक्त एका गोष्टीवरून होतं: सुतिन काळ्या हातांनी पांढऱ्या शर्टाला हात लावतो.

दुकानाच्या वर एक खोली आहे. तिला सगळे माडी म्हणतात. तिथे रोज दुपारी चार ते सात ओंगदादा बसतो. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने त्याला शिकवून तयार केलंय. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणं, कंडोम देणं, एचआयव्ही होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची प्रेपची गोळी कुणी घ्यावी आणि कशी घ्यावी ते सांगणं, आणि गरज पडली तर हाताला धरून दवाखान्यात नेणं, हे त्याचं काम. त्याचं प्रमाणपत्र त्याने दाराच्या आतल्या बाजूला लावलंय. का, तर पोरं दार लावून रडतात, तेव्हा समोर काहीतरी वाचायला असावं.

बोलायची त्याची पद्धत सरळ होती. "कोण होता, कुणाचा मुलगा होता, दिसायला कसा होता, ते मला नको. कंडोम होता की नव्हता एवढं सांग, आणि किती दिवस झाले ते सांग. बाकीचं तुझ्या मैत्रिणीला सांग, तिला मजा येईल." ज्या पोरांना घरी, वर्गात, देवळात कुठेच तोंड उघडता येत नव्हतं, ती इथे पाच मिनिटांत बोलती व्हायची.

जी पोरं माडीवर चढायला लाजत, त्यांच्या धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात तो मधोमध कंडोमची दोन पाकिटं सरकवून द्यायचा. एकदा गठ्ठे बदलले आणि ती पाकिटं सांख्यिकी शिकवणाऱ्या बाईंच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात हजर. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे काय?"

ओंगदादा इस्त्री न थांबवता म्हणाला, "नव्या गिऱ्हाइकांना भेट, बाई."

"मी अकरा वर्षांची जुनी गिऱ्हाईक आहे. मला कधी दिली नाहीत ती," बाई म्हणाल्या, आणि पाकिटं पर्समध्ये टाकून चालत्या झाल्या.

आता माझी, म्हणजे खेमची, आणि त्याची ओळख कशी, ते सांगतो. आमच्या कॉलेजात हजेरी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ज्यांचे सारखे, ते एका ओळीतले. माझे एकसष्ट. माझ्या वरच्या वर्गातला एकसष्ट माझा थोरला, खालच्या वर्गातला माझा धाकटा. थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं, जुनी पुस्तकं द्यायची, मास्तरांच्या खोड्या सांगायच्या. पण आधी धाकट्याने त्याला ओळखायचं. जुलै महिन्यात थोरला लपून राहतो आणि चिठ्ठ्या पाठवतो: मी कोण, ओळख पाहू, ही पहिली खूण, ही दुसरी खूण. ओळखलं की थोरल्याला धाकट्याची एक मागणी पुरी करावी लागते. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणारा थोरला मी तरी पाहिलेला नाही.

ओंगदादाही एकसष्टच. आमच्याच भूगोलाच्या शाखेतला, पण आमच्या कितीतरी वर्षं आधीचा. तिसऱ्या वर्षाला असताना त्याने कॉलेज सोडलं. का, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी म्हणे नापास झाला, कुणी म्हणे प्रेमभंग. तरी ओळ ती ओळ. वर्षातून एकदा एकसष्टच्या सगळ्यांचं जेवण असे, भाजलेली कोंबडी, सोमतम म्हणजे कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर आणि टोपलीभर चिकट भात, आणि पहिला घास त्याचा असे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला होतो. माझ्या खालची ऑय, तिसऱ्या वर्षाला. ही पोरगी हळू आवाजात बोलू शकत नाही, हळू बोलायला गेली की तिला खोकला येतो. तिच्या खालचा तिव, दुसऱ्या वर्षाला, अबोल. त्याला मुलीही आवडत आणि मुलंही, आणि हे तो आम्हा दोघांपुढेच कबूल करायचा. पहिल्या वर्षात त्या साली एकसष्ट कुणी नव्हताच. मला मुलगेच आवडतात, हे पहिल्या वर्षापासून उघड होतं. माझं पक्कं माणूस होतं, व्यायाम शिक्षणाच्या शाखेतला रुंगरोट. एक वर्ष झालं होतं आम्हाला. सुरुवातीला कंडोम वापरायचो. मग तो म्हणाला, आता आपण एकमेकांचेच आहोत, आता कशाला? मला ते फार गोड वाटलं. शिवाय रुंगरोटच्या अंगाला कायम साबणाचा वास यायचा. ज्याचा शर्ट स्वच्छ त्याचं रक्त स्वच्छ, असं माझं शास्त्र होतं. धोबी दादाच्या ओळीत वाढलेल्या पोराचं हे शास्त्र, म्हणजे बघा.

फेब्रुवारीत नवख्यांच्या खेळांच्या दिवशी ओंगदादाने मैदानाच्या कडेला तपासणीचा तंबू लावला. त्या दिवशी गर्दी फार, म्हणून बोटातून थेंब न घेता नळीत रक्त घ्यायचं, नळ्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जायच्या आणि चार दिवसांनी माडीवर निकाल मिळायचा. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. प्रत्येकाने स्वतःचा एक सांकेतिक शब्द सांगायचा. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि जन्माची तारीख, असा नियम कागदावर छापलेला होता.

ऑय म्हणाली, "चला, सगळी ओळ मिळून जाऊ. मला काही झालेलं नाही हे मला माहितेय, पण तिवला एकट्याला भीती वाटते."

"मला नाही वाटत," तिव म्हणाला.

"मग हात का गार पडलाय?"

आम्ही तिघं एकामागोमाग बसलो. टेबलावर ओंगदादा स्वतः होता. त्याने विचारलं, काय लिहू? मी म्हणालो, एकसष्ट. कारण आम्ही सगळीकडे तेच लिहितो. हेल्मेटवर, पाण्याच्या बाटलीवर, कपड्यांच्या गठ्ठ्यावर. ओंगदादाने लिहिलं. मग ऑय म्हणाली, एकसष्ट. त्याने लिहिलं. मग तिव म्हणाला, एकसष्ट. त्याने तेही लिहिलं. सकाळपासून दोनशे नळ्या झाल्या होत्या, आणि तो आकडा त्याच्या स्वतःच्या हाताला इतका सवयीचा की त्याच्या लक्षातच आलं नाही. नंतर तो म्हणाला, "एवढ्या वर्षांत माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी घोडचूक."

चार दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. एकसष्ट नावाच्या तीन नळ्या. दोघींत काही नाही. एकीत एचआयव्ही.

त्याने आम्हाला तिघांना माडीवर बोलावलं आणि काहीही न लपवता सांगितलं. "तुमच्यापैकी एकाला लागण आहे. कुणाला ते मला माहीत नाही, आणि ही माझी चूक आहे. प्रत्येकाने वेगळं यायचं, वेगळ्या दिवशी, मी बोटातून तपासेन. निकाल काहीही येवो, बाहेर जाऊन तोंड उघडायचं नाही. चांगला आला तरी नाही. ऑय, मी तुझ्याकडे बघून बोलतोय."

"मी काय लहान आहे?" ऑय म्हणाली.

सोमवारी ती गेली. मंगळवारी तिव गेला. माझी पाळी बुधवारी होती. मंगळवारी संध्याकाळी फोनवरच्या ओळीच्या गटात ऑयचा निरोप आला, तीन फुलं आणि एक नाचणारं अस्वल लावून: "माझं स्वच्छ!!!" त्याच्याखाली दोन मिनिटांत तिवने आनंदाच्या भरात लिहिलं: "माझंही." त्या बिचाऱ्यांना एवढंच कळत होतं की आपण सुटलो. गटात एकसष्टचे नवेजुने एकोणतीस जण होते. तंबूत आम्ही तिघं एकत्र बसलो होतो हे त्यातल्या निम्म्यांनी पाहिलं होतं. बातमी कुणीच सांगितली नाही, तरी सगळ्यांना मिळाली. मला सगळ्यात आधी मिळाली.

मी फोन बंद केला. खोलीचं दार लावलं. पलंगाखालची पेटी ओढली आणि कपडे भरायला लागलो. शुक्रवारी माझ्या प्रकल्पाचं सादरीकरण होतं. दोन वर्षं राबून मी इसानच्या, म्हणजे आमच्या ईशान्य भागातल्या, खाऱ्या जमिनीचा नकाशा केला होता, गावोगाव फिरून, चाखून सुद्धा. शुक्रवारी उभा राहिलो नाही तर वर्ष गेलं, हे मला माहीत होतं. पण मला वाटत होतं, वर्ष घेऊन करायचं काय? नाखोन फनोमला घरी जायचं, आईला काहीतरी थाप मारायची आणि पडून राहायचं. गुरुवारी दुपारची गाडी मी ठरवून टाकली. फोन बंद करण्याआधी रुंगरोटशी एकदा बोललो होतो. त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, "मी कधी तपासलंच नाही."

बुधवारी सकाळी दार वाजलं. बाहेर ऑय. तिच्या हातात हँगरला लावलेला माझा एकच शर्ट. आदल्या आठवड्यात मी तीन शर्ट टाकले होते. तिचे डोळे सुजले होते.

"दादाने मला इतकं झाडलंय," ती म्हणाली, आणि खरंच हळू म्हणाली. "म्हणाला, तू स्वतःची बातमी नाही सांगितलीस, दुसऱ्याची सांगितलीस. मला माफ कर. मी हमाल आहे आता. शर्ट पोहोचवायची शिक्षा दिलीय."

"बाकीचे दोन कुठायत?"

"मागून येतील म्हणाला."

मी शर्ट घेतला आणि दार आपटलं. पलंगावर फेकला तर खिशातून चिठ्ठी पडली. चौकोनी अक्षर, अगदी जुलैतल्या खेळासारखं: मी तुझ्या ओळीतला. मला ओळख. पहिली खूण. तुला जे झालंय असं वाटतंय, ते मला तुझ्याच वयाचा असताना झालं.

माझा संताप झाला. असल्या वेळी या लोकांना खेळ सुचतात! चिठ्ठी चुरगाळली. मग उलगडली. एकसष्टमध्ये कोण? मी एकेक आठवत गेलो. बँकॉकला नोकरी करणारा, लग्न झालेली, भिक्खू झालेला. कुणीच बसेना. दुपारी दुसरा शर्ट आला. ऑय दाराला अडकवून गेली. चिठ्ठी: दुसरी खूण. मी रोज संध्याकाळी आठला एक गोळी घेतो. रक्ततपासणीत माझ्या अंगात विषाणू सापडतच नाही, दहा वर्षं झाली. त्यामुळे माझ्याकडून तो कुणाला जात नाही. माझ्या जोडीदाराला झालेला नाही. आमचं भांडण होतं ते फक्त शर्टांवरून.

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पडला नाही की पडू दिला नाही, कोण जाणे. या माणसाने एवढी वर्षं हे गावात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर मूर्ख लोक म्हणाले असते की याच्या हातून कपडे नकोत. आणि ते त्याने कागदावर लिहून एका बडबड्या पोरीच्या हाती पाठवलं होतं.

गुरुवारी सकाळी तिसरा शर्ट. सादरीकरणाला घालायचा, लांब बाह्यांचा. चिठ्ठीत एकच ओळ: हा मीच इस्त्री केलाय, आता तरी ओळख.

मी पेटी तशीच टाकली आणि पायात चपला न घालताच मागच्या फाटकापर्यंत गेलो. ओंगदादा टेबलापाशी होता. वाफ उडत होती.

"ओळखलं," मी म्हणालो.

"तिसऱ्या चिठ्ठीला? मठ्ठ आहेस. भूगोलवाले सगळे मठ्ठ. वर चल."

त्याने इस्त्री उभी केली, सुतिनला हाक मारून दुकान बघायला सांगितलं आणि बजावलं, "हात लावू नकोस कशाला." मी जिना चढलो. सतरा पायऱ्या आहेत, मी मोजल्या. माडीवर त्याने माझं बोट पुसलं, टोचलं, थेंब घेतला. वीस मिनिटं थांबायचं होतं.

त्या वीस मिनिटांत त्याने त्याचं सांगितलं. "मी एकवीसचा होतो. दवाखान्याच्या खिडकीवर बाईने मोठ्याने नाव घेतलं आणि मोठ्याने आजार सांगितला. मागे रांग होती. मी वळून पाहिलंच नाही. कॉलेजात परत आलो नाही, वह्या पण नेल्या नाहीत. गावी गेलो आणि पडून राहिलो, मरायची वाट बघत. एक वर्ष बघितली, दोन वर्षं बघितली. मरण काही येईना. शेवटी आईच वैतागली. म्हणाली, मरायचं असेल तर मर लवकर, नाहीतर ऊठ आणि म्हशी सोड. उठलो. मग कुणीतरी सांगितलं, तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या आल्यात. त्या दोन वर्षांत मला आजाराने काहीच केलं नाही रे. जे केलं ते मीच केलं. पदवी गेली ती माझ्या पायांनी गेली."

"म्हणून मला उद्या उभं राहा म्हणतोस."

"हो. गोळी आजच सुरू होईल. रोज एक. सहा महिन्यांत तपासणीत विषाणू दिसेनासा होईल, आणि तू चुकवल्या नाहीस तर म्हातारा होऊन लोकांना छळशील. गोळीला तुझा नकाशा आडवा येत नाही. तू स्वतः आडवा येऊ नकोस म्हणजे झालं."

"आणि प्रेम? माझ्याजवळ कोण येणार आता?"

"सुतिनला विचार, तो कसा आला. टायर बदलायला गेलो होतो मी. तिसऱ्या भेटीत सांगितलं त्याला. तो म्हणाला, गोळी घेतोस ना वेळेवर? मी म्हटलं घेतो. म्हणाला, मग हवा भरू का?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. त्याने घड्याळ पाहिलं, पट्टी पाहिली आणि माझ्याकडे वळवली. दोन रेघा होत्या.

"आहे," तो म्हणाला. "दवाखान्यात आणखी एकदा खात्री करतील, पण मी तुला खोटी आशा देणार नाही. आहे."

मी ओरडलो त्याच्यावर. का कुणास ठाऊक, त्याच्यावरच ओरडलो. "मला सांगतोस जाऊ नको! तू गेलास ना? चिठ्ठ्या लिहायला काय जातंय? स्वतः अठरा वर्षं त्या फाटकाच्या बाहेर उभा आहेस, एकदा तरी आत पाऊल टाकलंस का? तंबू पण मैदानाच्या कडेला लावतोस, मैदान रस्त्यालगत आहे म्हणून!"

त्याने पट्टी उचलून डब्यात टाकली. माझी जीभ आणखी सैल सुटली. "मी ओळखलंय तुला. ओळीचा नियम आहे. माझी एक मागणी तू पुरी करायची. तर ही माझी मागणी. मी उद्या उभा राहतो. तू कॉलेजात परत नाव घाल आणि पदवी पुरी कर."

"कोंबडी माग की. एकोणचाळीस वर्षांचा आहे मी."

"कोंबडी नको."

खालून सुतिन ओरडला, "माझ्या हाताला साबण लावलाय, एक शर्ट उचलू का?" ओंगदादा खिडकीतून ओरडला, "नाही!" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं. ऊठ आता, दवाखाना बंद होईल."

त्या दुपारी आम्ही सुतिनच्या मोटारसायकलवरून दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सबाईंनी दार लावून, खुर्चीत बसवून, हळू आवाजात सगळं सांगितलं. माझं नाव त्यांनी एकदाही मोठ्याने घेतलं नाही. पहिली गोळी मी त्या संध्याकाळी आठला माडीवरच घेतली, ओंगदादाबरोबर. त्याने आपली घेतली, मी माझी. शुक्रवारी मी लांब बाह्यांचा शर्ट घालून उभा राहिलो आणि खाऱ्या जमिनीवर चाळीस मिनिटं बोललो. परीक्षकांनी विचारलं, मीठ वर का येतं? मी इतकं सांगितलं की त्यांनीच थांबवलं. मागच्या बाकावर ऑय आणि तिव बसले होते. ऑयने टाळ्या वाजवल्या तेव्हा दोन मास्तर दचकले.

रुंगरोटने पण तपासलं. त्यालाही होता, आणि तोही आता गोळी घेतो. आम्ही पुढे वेगळे झालो, ते आजारावरून नाही, तो फार घोरतो म्हणून. तिव प्रेप घेतो आणि आता नवख्या पोरांना तोच समजावतो, तेही न लाजता. ऑय आता माडीवर रविवारी बसते, पण तिला निकाल सांगायला देत नाहीत. मी रोइएतच्या शाळेत भूगोल शिकवतो. त्याच वर्षी सप्टेंबरात माझ्या रक्ताचा कागद आला: विषाणू आढळला नाही. मी तो कागद घेऊन गाडीने थेट दुकानात आलो. ओंगदादाने तो दोनदा वाचला, इस्त्री बंद केली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. मी म्हटलं, "माझा कागद आहे, तू काय रडतोस?" तो म्हणाला, "गप."

मागणीचं मात्र तो नाव काढीना. आधी म्हणाला, पदवीदानाचे झगे इस्त्रीला आलेत. मग म्हणाला, टाच दुखते. मग म्हणाला, सुतिनच्या आईचं वर्षश्राद्ध आहे, भिक्खूंना जेवण आहे. मी दर शनिवारी जाऊन टेबलापुढे उभा राहायचो. सुतिनही माझ्या बाजूने. "जा ना बाबा," तो म्हणायचा, "दिवसभर तुझी बडबड ऐकून माझे टायर बसतात." अशी चौदा महिन्यांची टाळाटाळ झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात एके सकाळी त्याने स्वतःच फोन केला. "आज गिऱ्हाईक कमी आहे. येतोस का?" गिऱ्हाईक कमी नव्हतं. मी पोहोचलो तेव्हा दोरी वाकली होती.

फाटकातून आत जाताना त्याने माझं मनगट धरलं होतं. कार्यालयात खिडकीवर पंचविशीतली एक मुलगी होती, केस वर बांधलेले, पुढ्यात बर्फाचा चहा. तिने त्याची जुनी नोंद शोधली आणि सांगितलं की इतकी वर्षं झाल्यावर जुने विषय धरता येत नाहीत, पहिल्या वर्षापासून सुरू करावं लागेल, शनिवार-रविवारचा वर्ग आहे. मला वाटलं, आता हा पळणार. तो म्हणाला, "चालेल."

तिने अर्ज दिला. बाकावर बसून त्याने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग थांबला. रकाना होता: पूर्वी शिक्षण सोडण्याचं कारण.

"घरची अडचण लिही," मी म्हणालो. "सगळे तेच लिहितात."

त्याने मान हलवली, पण लिहिलं नाही. पंखा फिरत होता. आमच्यामागे पाच-सहा पोरं येऊन बसली. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हा माणूस दिवसभर वाफेपुढे उभा राहतो. मग त्याने खाली वाकून, चौकोनी अक्षरात लिहिलं. मी बाजूने वाचलं. एचआयव्ही झाला. मरेन असं वाटलं. मेलो नाही.

उठला आणि खिडकीवर गेला. मी मागे. मागे रांग लागली होती. मुलीने अर्ज घेतला, वरून खाली पेन फिरवत वाचला. त्या रकान्यापाशी पेन थांबलं. ओंगदादाच्या मानेची शीर मला दिसत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग परत अर्जाकडे, शिक्का मारला आणि म्हणाली, "दादा, दोन फोटो लागतील. सोमवारपर्यंत आणा. पुढचे या."

तो हलेना. मागचा मुलगा म्हणाला, "दादा, झालं ना तुमचं?" मी ओंगदादाला दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. तो खांबाला टेकला. म्हणाला, "एवढंच होतं, खेम?"

"एवढंच होतं, दादा."

"आणि मी एकोणीस वर्षं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तोंडावरून हात फिरवला, शर्ट खाली ओढून सारखा केला आणि विचारलं, "फोटो कुठे काढतात रे आता?"